तेरड्याची बोंडं आणि मामांचा हात

माणसाने बाग करावी ती फुलांसाठी, नाहीतर निदान भाजीसाठी. मामांनी ती पळवाट म्हणून केली, आणि वर गल्लीभर सांगत सुटले की या वयात आपल्याला निसर्गाची ओढ लागली आहे.

रोज सकाळी सलून उघडायच्या आधी ते मागच्या अंगणात जात, तेरड्याच्या वाफ्यापुढे बुटकं स्टूल टाकून बसत, चष्मा बनियनला पुसत आणि एखादं कोमेजलेलं फूल निवडत. कुठलंही नव्हे. ज्याच्या अगदी अंगाला चिकटून एखादं टपोरं बोंड लोंबत असेल, असंच. मग श्वास रोखायचा, दोन बोटांच्या चिमटीत ते फूल धरायचं आणि शेजारच्या बोंडाला धक्का न लावता खुडायचं. तेरड्याचं बोंड भारी तापट असतं. जरा कुठे बोट लागलं की फट्कन फुटतं, साली आतल्या आत वळतात आणि बिया चौफेर उडतात. बोंड शाबूत राहिलं, तर मामांचा हात ठीक. फुटलं, तर हात थरथरला.

दुसऱ्या कुणी असं केलं असतं तर खुळचट म्हणून सोडून देता आलं असतं. पण मामा सलूनवाले. ज्या हाताने फूल खुडायचं त्याच हातात थोड्या वेळाने उघडा वस्तरा येणार, आणि वस्तऱ्याखाली कुणाचा तरी गळा. वस्तरा सुटला तर मामांचं काय उरतं? कंगवा घेऊन उभा राहिलेला एक म्हातारा. ही भीती त्यांनी बायकोला सांगितली नव्हती, लेकीला तर नाहीच नाही. सांगितली होती फक्त तेरड्याला, कारण तो चहाडी करणाऱ्यांतला वाटला नाही.

गल्ली त्यांना मामा म्हणायची. हे कुणी सुरू केलं ते कुणालाच आठवत नाही. मामांचं स्वतःचं मत असं, की लोकांनी त्यांना आधी मामा म्हणायला सुरुवात केली आणि मग सवडीने बनवायला. बायको अर्थातच सगळ्यांची मामी झाली. सलून दोन खुर्च्यांचं, पण त्यातली एक खुर्ची बसली की बसलेलीच राहायची, म्हणून तिच्यावर वर्तमानपत्रं ठेवलेली. समोर लांब आरसा, त्याखाली फळीवर पावडरचे डबे, फेसाचा मग, तुरटीचा खडा, आणि भिंतीला चामड्याचा पट्टा, वस्तरा परजायला. मागच्या दाराला मण्यांचा पडदा. पडदा सारला की अंगण, अंगणापलीकडे दोन खोल्या आणि स्वयंपाकघर. सलूनच्या मागच्या भिंतीला लागून सकाळचं कोवळं ऊन तेवढं येई आणि मग दिवसभर सावली असे. तेरड्याला असंच लागतं. तिथे मामींनी आदल्या मोसमात मूठभर बी फेकलं होतं.

हाताची पहिली चुगली चहाच्या बशीने केली. कप बशीत किणकिण वाजायला लागला. "काय वाजतंय हो?" मामींनी आतून विचारलं. मामा म्हणाले, कपाचं बूड वाकडं आहे. मामींनी कप बदलला, दुसराही वाजला. मामा म्हणाले, हल्ली कप धड करतच नाहीत. मग एका गिऱ्हाइकाच्या कानाखाली बारीकसा लाल ठिपका उमटला आणि तुरटी फिरवावी लागली. तेव्हा पातं खराब निघालं. त्यानंतरच्या वेळी खुर्ची हलली. त्याच्याही पुढच्या वेळी गिऱ्हाइकाची हनुवटीच आडव्या वळणाची होती. नाचता येईना अंगण वाकडं, ही म्हण मामा लहानपणापासून ऐकत आले होते. आपलं अंगण इतक्या बाजूंनी वाकडं असेल अशी मात्र त्यांना कल्पना नव्हती. लोक केसाने गळा कापतात म्हणे. आपण निदान त्यासाठी वस्तरा वापरतो, एवढाच आपला प्रामाणिकपणा, असं ते आरशातल्या स्वतःला म्हणत.

खरं तर हात तपासायची धंद्यातली रीत वेगळी आहे, आणि मामांना ती चांगली ठाऊक होती. फुगा फुगवायचा, त्याला चारी बाजूंनी साबणाचा फेस लावायचा आणि उघड्या वस्तऱ्याने तो फेस उतरवायचा. फुगा टिकला तर हात गळ्यावर न्यायच्या लायकीचा. मामांनी स्वतःच्या लेकीला असंच शिकवलं होतं. ती शाळकरी असताना अंगणात बसून फुगे फोडायची आणि मामा तिला हसायचे. पुढे तिचे फुगे फुटेनासे झाले. आता ती मोठ्या रस्त्यावरच्या चकचकीत सलूनमध्ये कामाला होती, तिथे बायका आणि पुरुष सगळेच येत. लग्नानंतर ती एकदा म्हणाली होती, "बाबा, मी इथेच येते तुमच्या जोडीला. दुसरी खुर्ची दुरुस्त करून घेऊ." त्यावर मामांनी ज्ञान पाजळलं होतं, "बाईच्या वस्तऱ्याखाली मान द्यायला या गल्लीत कोण धजणार? गिऱ्हाईक पळेल." लेकीने पुन्हा विचारलं नाही, आणि मामांना ते खुपलं, पण खुपलेलं बोलून दाखवायची त्यांच्या घरात पद्धत नव्हती.

तर मामा फुग्याच्या वाटेला गेले नाहीत. फुगा खरं बोलतो, ही त्याच्यातली मोठी खोड. झाकली मूठ सव्वा लाखाची. मामांनी ती झाकून ठेवली, आणि झाकलेली असतानाही ती थरथरते हे खिशाच्या कापडाला तेवढं माहीत होतं.

आता परीक्षेसाठी का होईना, झाडं जगवायला हवीत. मामांनी वाफा मामींच्या हातून ताब्यात घेतला. मामी म्हणाल्या, "घ्या. तुमचं प्रत्येक वेड म्हणजे तेरड्याचा रंग. तीन दिवस." आधी बासरीचं झालं होतं, मग घरी साबण करण्याचं. साबणाचं वेड खरोखर तीनच दिवस टिकलं, कारण चौथ्या दिवशी पातेलं भंगारात गेलं. या खेपेला मामा हट्टाला पेटले. पहिल्याच आठवड्यात त्यांनी काटकसर म्हणून दाढीच्या मगातलं फेसाळ पाणी झाडांच्या बुडाशी ओतलं. साबणाने दाढी मऊ होते तर माती का होणार नाही, असा त्यांचा विचार. पानं पिवळी पडली. मग त्यांना दिसलं की दुपारी तेरडा सरळ मान टाकतो. मामा घाबरे होऊन तांब्या घेऊन धावले. दुसऱ्या दिवशीही धावले. चार दिवसांत वाफ्यात चिखल झाला, एक झाड बुडाशी कुजून आडवं झालं, आणि मामींनी मामांची बिनपाण्याने हजामत केली.

"अहो, दुपारच्या उकाड्यात मान टाकणारच तो! संध्याकाळी आपोआप उठतो. बोट घालून माती बघा आधी, ओली असली तर हात बांधून बसा. तुम्ही दुपारी आडवे होता तेव्हा मी तुमच्यावर तांब्या ओतते का?"

त्या दिवसापासून मामा रोज मातीत बोट घालून बघू लागले. पाणी सकाळी, मुळाशी, पानांवर नाही, हेही शिकले.

शेंडे खुडण्याचा प्रसंग तर सांगण्यासारखा नाही, म्हणून सांगतो. रोप वीतभर झालं की त्याचा शेंडा खुडायचा असतो, म्हणजे त्याला बगलेतून फांद्या फुटतात आणि झाड डेरेदार होतं. मामींनी सांगितलं आणि मामांचा जीव होईना. ज्या माणसाने जन्मभर गल्लीच्या डोक्यांवर कात्री चालवली, कुणी 'मागून थोडे ठेवा' म्हटलं तरी ऐकलं नाही, तो माणूस एका रोपट्यापुढे कात्री घेऊन उभा राहिला आणि म्हणाला, "राहू दे बिचाऱ्याला." परिणामी झाडं सरळसोट वाढली आणि एकमेकांच्या खांद्यावर टेकून उभी राहिली. शेवटी मामा सलूनमध्ये असताना मामींनी येऊन सगळ्यांचे शेंडे खुडून टाकले. खत म्हणून मामांनी सलूनमधले कापलेले केस मातीत गाडले, ही मात्र त्यांची स्वतःची अक्कल आणि ती चालली. निवृत्त गणिताचे मास्तर, मामांचे सर्वांत जुने गिऱ्हाईक, वाफा बघून म्हणाले, "हे गुलाबी आहे ना, ते माझ्या केसांवर वाढलेलं दिसतंय. माझ्या डोक्यावर असताना त्यांनी असले कधी रंग दाखवले नाहीत."

तेरडा फुलला. गुलाबी, पांढरा, एक जांभळट. पानांच्या बगलेत, देठाला चिकटून फुलांची रांग, आणि खालच्या फुलांच्या जागी लवदार हिरवी बोंडं. इथून मामांची रोजची परीक्षा सुरू झाली. काही सकाळी बोंड शाबूत राही. त्या दिवशी मामा शीळ घालत सलून उघडत. काही सकाळी फट्कन फुटे आणि बिया मामांच्या चष्म्यावर येऊन आपटत. त्या दिवशी ते कोपर बरगडीला दाबून वस्तरा धरत, श्वास घेत नसत, आणि गिऱ्हाईक उठेपर्यंत गिऱ्हाइकापेक्षा जास्त घामाघूम होत.

त्याच सुमाराला गल्लीत दाढीची साथ आली. साथच म्हणायची. आधी पोस्टमनने दाढी सोडली. तो रोज गुळगुळीत चेहऱ्याने पत्रं टाकणारा माणूस, आता पत्रं टाकताना त्याच्यावर कुत्री भुंकायला लागली. मग मास्तरांनी सोडली. मग कोपऱ्यावरच्या डॉक्टरांनी. सगळे यायचे, खुर्चीत बसायचे आणि म्हणायचे, "केस तेवढे घ्या मामा, दाढी राहू दे." कात्री आणि कंगव्याचं काम मामांना जमत होतं, कंगवा डोक्यावर टेकला की हाताला आधार मिळे. पण दाढीवाचून राहिलेला वस्तरा पट्ट्यावर रोज परजला जाई आणि तसाच घडी होऊन पडे.

मामांनी यावर पुष्कळ विचार केला, आणि तो सगळा चुकीचा. कधी त्यांना वाटे सिनेमामुळे, कधी आळसामुळे. "मास्तर, या वयात?" ते म्हणाले. "नातवंडं घाबरतील."

मास्तर गाल खाजवत म्हणाले, "हौस."

"हौस म्हणता आणि खाजवताय."

"हौसेला मोल नसतं मामा, खाज असते," मास्तर म्हणाले आणि खिडकीबाहेर बघू लागले.

मामांना राग येई आणि त्या रागाच्या बुडाशी सुटल्यासारखंही वाटे. ते सुटल्यासारखं वाटणं त्यांना अजिबात आवडत नसे. गिऱ्हाईक दाढी करत नाही म्हणून खूश होणारा सलूनवाला जगात आपण एकटेच, असं ते मनाशी म्हणत. लेक सुट्टीच्या दिवशी घरी आली की चहाच्या कपाकडे बघे. एकदा ती सरळ म्हणाली, "बाबा, हात बघू." मामांनी दोन्ही हात खिशात घातले. हात दाखवून अवलक्षण कोण करून घेणार?

"डॉक्टरांकडे तरी जा," ती म्हणाली.

"त्यांची दाढी बघितलीस का? ज्याला स्वतःचा चेहरा सांभाळता येत नाही तो माझा हात काय बघणार?"

ती हसली नाही. जाताना आईशी अंगणात काहीतरी कुजबुजली. मामांना वाटलं, तेरड्याबद्दल असेल.

मग एका सकाळी मामांच्या परीक्षेचा निकाल फार वाईट लागला. पहिलं फूल खुडताना बोंड फुटलं. दुसरं घेतलं, तेही फुटलं. तिसऱ्याला तर त्यांनी नुसतं बोट जवळ नेलं होतं. मामा स्टुलावर तसेच बसून राहिले, मांडीवर बिया सांडलेल्या. मामी दोरीवर कपडे वाळत घालत होत्या. त्या आल्या, वाकल्या आणि एक सुकलं फूल ओढलं. शेजारचं बोंड फट्कन उडालं. त्यांनी दुसरं ओढलं. तेही उडालं.

मामा चकित होऊन त्यांच्या हाताकडे बघत राहिले. मामींचा हात म्हणजे दगडासारखा स्थिर. त्या सुईत दोरा एका फटक्यात ओवायच्या.

"तुझ्याही हाताने फुटतात?"

"कुणाच्याही हाताने फुटतात. पिकलं बोंड वाऱ्याने फुटतं, वर चिमणी बसली तरी फुटतं. पिकलं नसेल तर कितीही हलवा, काही होत नाही."

"मग तू बी कसं जमवतेस?"

मामींनी एक टपोरं बोंड अलगद मुठीत घेतलं आणि मूठ मिटली. आत बारीकसा आवाज झाला. त्यांनी मूठ उघडली, तर तळहातावर तपकिरी बिया आणि वळलेल्या साली. "फुटायचंच असेल तर मुठीत फुटू द्यायचं," त्या म्हणाल्या आणि बिया पदराच्या टोकाला बांधून पुन्हा कपड्यांकडे गेल्या.

मामांच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. म्हणजे बोंड कच्चं असलं की आपण पास, आणि पिकलं असलं की नापास! एवढे दिवस आपण आपला हात तपासत नव्हतो, तेरडा पिकला की नाही ते तपासत होतो! मामांना स्वतःचं इतकं हसू आलं की ते स्टुलावरून घसरता घसरता राहिले. इथवर त्यांचं डोकं बरोबर चाललं होतं. पण आनंदाच्या भरात ते एक पायरी पुढे गेले: तेरडा खोटा, म्हणजे आपला हात खरा. परीक्षक बोगस निघाला म्हणून विद्यार्थी पहिला आला, असला हा हिशेब. चहाचे कप, तुरटीचा खडा, लाल ठिपके, सगळं मामांनी एका झटक्यात माफ करून टाकलं आणि मण्यांचा पडदा उडवत ते सलूनमध्ये शिरले.

बाकावर मास्तर आणि पोस्टमन बसले होते. मामांनी पट्ट्यावर वस्तरा असा परजला की दोघांनी वर पाहिलं.

"मास्तर, या. आज ही झाडी साफ."

"माझे केस तेवढे मामा..."

"केस नंतर. आधी दाढी. माझ्याकडून."

"आज नको. सर्दी आहे. थंडी लागेल गालाला."

"या उकाड्यात?"

पोस्टमन उठला. "मी येतो, टपाल राहिलंय माझं."

"आज सुट्टी आहे तुझी," मामा म्हणाले. "तूही बस. तुझा नंबर दुसरा."

पोस्टमन बसला. मास्तर खुर्चीत आले, एखादा मुलगा फळ्यापुढे येतो तसे. मामांनी कापड बांधलं, मगात ब्रश घुसळला, मास्तरांच्या पिकल्या दाढीवर भरघोस फेस चढवला. फेस चढवताना हात झकास चालला. ब्रशाला थरथर कळत नाही. मग त्यांनी वस्तरा उघडला, मास्तरांची मान मागे घेतली आणि सवयीने आरशात पाहिलं.

आरशात तिघं दिसत होते. बाकावरचा पोस्टमन, त्याने डोळ्यांवर पेपर धरला होता. मास्तर, डोळे घट्ट मिटलेले, बोटं खुर्चीच्या हातांवर पांढरी पडेपर्यंत आवळलेली. आणि मामा स्वतः, हातात वस्तरा. वस्तऱ्याचं टोक मास्तरांच्या गळ्यापुढे असं हलत होतं, जसं खिडकीत एखादं पान हलावं. मामांनी कोपर बरगडीला दाबलं. टोक हलतच राहिलं.

"करा मामा," मास्तर डोळे न उघडता म्हणाले. "मी हलत नाही."

मामांनी वस्तरा मिटला. हा माणूस गळा कापून घ्यायला तयार होता, पण तोंडाने म्हणायला तयार नव्हता.

"मास्तर," मामा म्हणाले, "दाढी खरंच हौसेने वाढवली?"

मास्तरांनी डोळे उघडले. फेसाच्या आतून त्यांनी पोस्टमनकडे पाहिलं, पोस्टमनने पेपरकडे.

"हौस कसली मामा! गळ्याशी मुंग्या चालल्यासारखं होतं दिवसभर. झोप नाही. बायको म्हणते, उशीचे अभ्रे खराब होतात."

"मग?"

"मग काय," पोस्टमन एकदम बोलून गेला. "तुमच्या हाताचं सगळ्यांना दिसलं होतं. सांगणार कोण? आणि दुसऱ्या सलूनमध्ये जायचं तर गल्लीतून येता-जाता तुम्हाला तोंड कसं दाखवायचं? डॉक्टर म्हणाले, वाढवा दाढ्या, पुढचं पुढे बघू."

"डॉक्टर म्हणाले?"

"पहिली त्यांनीच वाढवली म्हणे. नाही, माझी दोन दिवस आधीची," पोस्टमन जरा अभिमानाने म्हणाला.

मामा बंद पडलेल्या खुर्चीत, वर्तमानपत्रांवरच बसले. काखेत कळसा आणि गावाला वळसा ऐकला होता. इथे सगळा गाव आपापला कळसा गालावर घेऊन हिंडत होता आणि मामा मागच्या अंगणात एका झाडाला आपली तब्येत विचारत होते. त्यांना लाज वाटली. आणि ती माणसं इतकी आवडली की त्यांच्याकडे बघवेना.

"फेस पुसतो," ते म्हणाले.

"राहू दे थोडा वेळ," मास्तर म्हणाले. "थंड वाटतंय. खाज थांबली."

त्याच संध्याकाळी मामा डॉक्टरांकडे गेले. डॉक्टरांनी दोन्ही हात पुढे धरायला लावले, पाण्याचा ग्लास उचलायला लावला, आणि सांगितलं की घातक काही नाही, गोळीने थोडं उतरेल, पण वस्तरा आता ठेवा. हे सांगताना डॉक्टर आपली दाढी खाजवत होते. मामांनी घरी येऊन मामींना सगळं सांगितलं. मामी म्हणाल्या, "मला माहीत होतं." मामा म्हणाले, "मग बोलली का नाहीस?" मामी म्हणाल्या, "तुम्ही सांगाल म्हणून थांबले होते." मग त्या थोडा वेळ त्यांच्याजवळ बसल्या, आणि मामांनी पहिल्यांदाच हात खिशात न घालता मांडीवर ठेवले.

लेकीला फोन त्यांनीच केला. "येताना फुगे आण," एवढंच म्हणाले.

ती सुट्टीच्या दिवशी आली, पिशवीत फुग्यांचं पाकीट आणि स्वतःचा वस्तरा. अंगणात, तेरड्याच्या वाफ्यापाशी, दोघं समोरासमोर बसले. मामी दारात उभ्या राहिल्या.

"आधी तुम्ही," लेक म्हणाली.

"मला कशाला? मला उत्तर माहीत आहे."

"मला नाही माहीत. मला कुणी हात दाखवलाच नाही."

मामांनी फुगा मांडीत धरला, फेस लावला, वस्तरा टेकवला. पहिला फराटा कसाबसा गेला. दुसऱ्याला फाट्कन आवाज झाला आणि मामांच्या भुवया, मिश्या, चष्मा, सगळं पांढरं झालं. मग मामा हसायला लागले. लेक हसली, मामी पदर तोंडाला लावून आत गेल्या. मामांच्या हसण्यात मध्येच थोडं रडूही येऊन गेलं, ते त्यांनी साबण डोळ्यांत गेल्यावर ढकललं. लेकीने त्यांचा चष्मा काढून पुसून दिला.

मग तिने फुगा घेतला. मामा बघत राहिले. तिचं मनगट सैल, वस्तरा आडवा, फेस पट्ट्यापट्ट्यांनी उतरत होता आणि खालचा लाल फुगा चकचकीत वर येत होता. शाबास म्हणावंसं वाटलं. "कोपर जरा खाली," ते म्हणाले.

"खालीच आहे."

"हो, आहे." मग घसा खाकरून म्हणाले, "पुढच्या आठवड्यापासून इथे ये. माझ्या खुर्चीवर."

"गिऱ्हाईक पळेल म्हणाला होतात."

"चुकलो होतो. आणि पळणार कुठे? दाढ्या वाढवून बसलीत सगळी." ते जरा थांबले. "तुला तेव्हा वाईट वाटलं असेल."

"वाटलं," लेक म्हणाली. तिने उरलेला फेस उतरवला आणि अख्खा फुगा त्यांच्या हातात दिला.

ती आली त्या सकाळी बाकावर जागा नव्हती. मास्तर, पोस्टमन, डॉक्टर, आणि ज्यांनी दाढ्या वाढवल्यात हे मामांना माहीतही नव्हतं असे आणखी दोघं. पहिला मान मास्तरांचा. लेकीने कापड बांधलं, फेस चढवला, त्यांची मान मागे घेतली. मास्तरांनी डोळे मिटले, पण बोटं खुर्चीच्या हातांवर नुसती टेकलेली होती. सलूनमध्ये वस्तऱ्याची बारीक खरखर तेवढी ऐकू येत होती. मामांना आपल्या हातांचं काय करावं ते कळेना. त्यांनी वर्तमानपत्रांची चळत नीट केली, पावडरचे डबे सरळ केले, पुन्हा वाकडे करून पुन्हा सरळ केले. त्यांना लेकीचा हेवा वाटत होता आणि तिच्यावरून नजर हटत नव्हती.

"बाबा," लेक मागे न बघता म्हणाली, "गरम पाणी."

सलूनची रीतच आहे, वस्तरा ज्याच्या हातात तो पाणी मागतो. या खोलीत आजवर ते एकट्या मामांनी मागितलं होतं. बाकावरच्या सगळ्यांनी एकदम मामांकडे पाहिलं आणि एकदम दुसरीकडे बघितलं.

"आणतो," मामा म्हणाले.

ते पडदा सारून गेले, स्वयंपाकघरातून गरम पाण्याचा मग भरून घेतला आणि दोन्ही हातांनी धरून निघाले. अंगणात थोडं पाणी सांडलं, उंबऱ्याशी सांडलं, सलूनच्या फरशीवर खुर्चीपर्यंत थेंबांची रांग झाली. डॉक्टर छताकडे बघत होते. पोस्टमन पेपर उलटा धरून वाचत होता.

मामांनी तो मग लेकीपुढे धरला. "सांडलं वाटेत," ते सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने म्हणाले. "हात थरथरतो माझा."

"पुरेल एवढं," लेक म्हणाली, आणि तिने ब्रश बुडवला.